‘तू तर किती स्पष्ट बोलतेस!’

पत्र: मी २९ वर्षांची आहे. दोन्ही कानांना कमी ऐकू येतं हे चौथ्या वर्षी लक्षात आलं. सध्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, दोन्हीकडे ६५ ते ७० डेसिबलचा दोष येतो. दोन्ही कानांना यंत्रं आहेत. शाळा-कॉलेज ऐकणाऱ्या, म्हणजे नीट ऐकू येणाऱ्या, मुलांबरोबर झालं, स्पीच थेरपी कित्येक वर्षं चालली. बोलणं इतकं स्पष्ट आहे की मला कमी ऐकू येतं हे सांगूनही लोकांना पटत नाही. ऑफिसात आठ जणांची मीटिंग झाली की संध्याकाळी डोकं ठणकतं, यंत्रं काढून पडून राहावंसं वाटतं. घरी सगळे जमले की ‘काही नाही गं, नंतर सांगते’ एवढंच माझ्या वाट्याला येतं. मध्यंतरी कर्णबधिरांच्या एका गटात दोनदा गेले. खुणा कळेनात, त्यात एकाने विचारलं, ‘तू ऐकणारी आहेस का?’ मग परत गेलेच नाही. साइन लँग्वेज शिकायची इच्छा आहे, पण आई म्हणते, ‘एवढ्या कष्टाने तुला बोलायला शिकवलं आणि आता हातवारे करणार?’ मी थकव्याचा बाऊ करते आहे का? ऑफिसात काय सांगू? या वयात ही भाषा येईल का? आणि मी नक्की कुणातली?

उत्तर:

थकव्यापासून सुरुवात करू, कारण तुमचे बाकीचे प्रश्न त्यालाच चिकटलेले आहेत. तुम्ही बाऊ करत नाही. तुम्ही स्पष्ट बोलता, म्हणून तुम्हाला ऐकूही बऱ्यापैकी येत असणार, असा हिशेब आजवर सगळ्यांनी केला. हळूहळू तो तुम्हालाही खरा वाटू लागला असावा. पण बोलणं हे तुम्ही वर्षानुवर्षांच्या सरावाने कमावलेलं कौशल्य आहे. ऐकणं मात्र कानाच्या आतल्या कॉक्लिया या शंखासारख्या भागातल्या केसपेशींवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशींवर, अवलंबून असतं, आणि नष्ट झालेल्या केसपेशी कितीही सराव केला तरी परत येत नाहीत.

लहानपणापासून असलेला आणि इतक्या प्रमाणातला श्रवणदोष बहुतेक वेळा याच पेशींशी निगडित असतो. कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशी दोन कामं करतात. हळू आवाज मोठा करायचा, आणि जवळजवळच्या पट्टीतले आवाज एकमेकांपासून सुटे करायचे. यंत्र पहिलं काम बरंचसं भरून काढतं, दुसरं फारसं नाही. म्हणून ‘आवाज येतो, शब्द कळत नाही’ अशी तक्रार असते. आ, ओ, ऊ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले असतात, ते पोचतात. स, श, च, त, ख यांची ओळख मात्र वरच्या पट्टीतल्या क्षीण आवाजावरून पटते. नेमका तोच भाग गळतो, आणि वाक्य जागोजागी भोकं पडून येतं.

ती भोकं तुम्ही ओठ वाचून आणि संदर्भ लावून भरता. ओठ किती साथ देतात ते आरशासमोर आवाज न काढता करून पाहा. पान, भान, मान. तिन्ही अगदी सारखे दिसतात. बाळ, माळ, भाळ यांचं तेच. क, ख, ग, घ, ह हे घशाजवळ उच्चारले जात असल्यामुळे ओठांवर जवळजवळ दिसतच नाहीत. त, द, न यांच्यात डोळ्यांना फरक सापडत नाही. निम्म्याहून जास्त ध्वनी ओठांवरून ओळखता येत नाहीत, आणि हे सगळं समोरचा माणूस तुमच्याकडे तोंड करून, चेहऱ्यावर उजेड असताना बोलत असेल तर. त्याने मान वळवली, तोंडापुढे हात धरला, दाट मिशी असली की उरलेलंही गेलं. ‘मान म्हणाला की भान?’ हे ठरवेपर्यंत पुढची दोन वाक्यं झालेली असतात. ती लक्षात धरून ठेवायची, मागचं जुळवायचं, शिवाय चेहऱ्यावर ‘कळतंय’ असा भाव ठेवायचा. ऐकणारा सहकारी ज्या मीटिंगमध्ये निवांत बसलेला असतो, तिथे तुम्ही तासभर डोकं ताणून कोडं सोडवत असता. संध्याकाळी डोकं ठणकतं ते यामुळे.

अंतराचाही विचार करा. बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याचा थेट आवाज ६ डेसिबलने घटतो. समोरच्या माणसाचा आवाज १ मीटरवर साधारण ६० डेसिबल धरला, तर ४ मीटरवर बसलेल्याचा थेट आवाज ४८ वर येतो. वर भिंतींवरून परतणारे आवाज त्यात मिसळून शब्दांच्या कडा पुसून टाकतात. कानामागच्या यंत्राचा मायक्रोफोन दीड-दोन मीटरच्या आतच खरा उपयोगी पडतो. शिवाय गोंगाट आणि बोलणं सारख्याच पातळीवर असलं तरी ऐकणाऱ्याचं काम भागतं. तुमच्यासारख्याला बोलणं गोंगाटाच्या बरंच वर, १०-१५ डेसिबल तरी, असावं लागतं. ‘काल तर जिन्यात माझं सगळं ऐकलंस, आज काय झालं?’ असं कुणी विचारलं तर उत्तर हेच. काल तो एकटा होता, हातभर अंतरावर उभा होता आणि आजूबाजूला शांतता होती.

आता करायचं काय? आधी ऑडिओलॉजिस्टकडे जा आणि फक्त बीपचा ऑडिओग्राम करून परत येऊ नका. गोंगाटात बोलणं किती कळतं याची चाचणी मागा. तुमची मीटिंगमधली अडचण कागदावर दिसते ती तिथे. यंत्राचं सेटिंग ‘रिअल इअर मेजरमेंट’ने तपासलं आहे का, ते विचारा. त्यात कानाच्या नळीत बारीक नळी घालून यंत्राचा आवाज पडद्याजवळ प्रत्यक्षात किती पोचतो ते मोजतात. नुसत्या कॉम्प्युटरच्या अंदाजावर लावलेलं यंत्र बऱ्याचदा वरच्या पट्टीत कमी पडतं. हनुवटी हलवली की यंत्र शिट्टी मारत असेल तर बहुधा इअरमोल्ड, म्हणजे यंत्राचा कानात बसणारा साचा, सैल झाला आहे. तो बदलल्याशिवाय आवाज वाढवण्यात अर्थ नाही. बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा रिमोट मायक्रोफोन तुमच्या यंत्राला जोडता येतो का, हेही विचारा. वर सांगितलेल्या अंतराच्या अडचणीवर इतका थेट इलाज दुसरा नाही.

एक गोष्ट मात्र उशीर न करता करायची. थकवा नेहमीचा नसेल आणि एखाद्या कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत एकदम घटलं असेल, तर ‘बॅटरी गेली असेल’ म्हणत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठा. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांतले उपचारच जास्त उपयोगी पडतात. मुळात कमी ऐकू येणारी माणसं नेमका इथे वेळ घालवतात, कारण कमी-जास्त ऐकू येण्याची त्यांना सवय असते.

विश्रांतीचं वेळापत्रक लावा. दिवस संपल्यावर कोसळण्यापेक्षा मोठ्या मीटिंगच्या आधी १० मिनिटं आणि नंतर १० मिनिटं यंत्रं बंद करून बसा. मीटिंगला लागून मीटिंग घेऊ नका. महत्त्वाचं बोलणं सकाळी ठेवा.

ऑफिसात तुम्ही आजवर काय सांगितलं असेल याचा अंदाज येतो: ‘मला थोडं कमी ऐकू येतं.’ हे वाक्य सोडून द्या. ‘थोडं’मुळे समोरचा निश्चिंत होतो, आणि ‘कमी ऐकू येतं’मुळे त्याने काय करायचं ते त्याला कळत नाही. तो मोठ्याने बोलू लागतो. मोठ्याने बोलताना ओठांचा आकार बिघडतो, यंत्र जास्तीचा आवाज दाबून टाकतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. त्याऐवजी वरिष्ठांना मेल लिहा, साधारण असा: ‘मला दोन्ही कानांना ६५ ते ७० डेसिबल श्रवणदोष आहे. मी स्पष्ट बोलते, त्यामुळे हे लक्षात येत नाही. समोरासमोर दोघांत बोलताना मला बरंचसं कळतं, पण गटात निम्मं सुटतं. काम नीट व्हावं म्हणून पुढच्या गोष्टी लागतील.’ आणि मग थेट मागण्या. माफी नको, ‘जमलं तर’ नको.

मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी मिळावेत. विषय आधी माहीत असला की निसटलेला शब्द जुळवणं कितीतरी सोपं जातं. बसताना खिडकी तुमच्या पाठीशी असू द्या. ती बोलणाऱ्यामागे असेल तर त्याचा चेहरा काळा दिसतो. लांबट टेबलाच्या कडेला मधोमध बसू नका, तिथून तुमच्याच बाजूला बसलेल्यांचे ओठ दिसत नाहीत. टेबलाचं टोक बरं. एका वेळी एकानेच बोलायचं, आणि बोलण्याआधी हात वर करून तुमची नजर वळेपर्यंत थांबायचं. हे जमवायला मीटिंग चालवणारा ठाम लागतो, कारण पहिली पाच मिनिटं सगळे पाळतात आणि वाद रंगला की विसरतात. नियम मोडला की आठवण करण्याचं काम त्याचं, तुमचं नाही, हे मेलमध्येच लिहा. दर वेळी तुम्हीच अडवू लागलात तर महिन्याभरात तुम्ही ‘कटकटी’ ठराल.

ऑनलाइन असलेल्यांनी आपापला हेडसेट लावावा, कॅमेरा चालू ठेवावा. खोलीत टेबलाच्या टोकाला एकच माइक ठेवून सहा जण बोलले की आवाज घुमतो. तो तुम्हाला कळत नाही आणि आपोआप येणाऱ्या कॅप्शनलाही कळत नाही. कॅप्शन जरूर वापरा, पण ती कुठे चुकतात ते लक्षात ठेवा. नावं, आकडे, आणि ‘नाही’. वाक्यातला नकार गळला की निर्णय उलटा होतो. म्हणून ठरलेली प्रत्येक गोष्ट, तारीख आणि रक्कम मीटिंग संपण्याआधी लेखी यायला हवी. फार महत्त्वाच्या बैठकीला माणसाने टाइप केलेली कॅप्शन मागा. शेजारच्या मैत्रिणीने कानाशी कुजबुजून सांगायचं, ही सोय नव्हे. तिचंही लक्ष उडतं, आणि तुम्हाला तिने निवडलेलं तेवढंच कळतं.

ऐकू आलं नाही की ‘काय?’ म्हणू नका. जे कळलं ते सांगून उरलेलं विचारा: ‘तारीख कळली, कुठल्या फाइलची ते नाही कळलं.’ समोरच्याला नेमकं तेवढंच सांगता येतं आणि तुम्ही लक्ष देत होतात हेही दिसतं. दुसऱ्यांदाही कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा नको, वेगळ्या शब्दांत मागा. ‘पान’ कळत नसेल तर ते दहादा ऐकूनही ‘मान’शी त्याचा घोळ होणारच. ‘पानावर, पेज नंबर चारवर’ म्हटलं की सुटतं.

आणि केस बांधा. यंत्र झाकण्यासाठी मोकळे सोडलेले केस मायक्रोफोनवर घासून खरखर करतात हे एक कारण. दुसरं असं की यंत्र दिसत राहिलं की समोरच्याला आठवण राहते.

‘एवढं सगळं मागायचं?’ असं वाटेल. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला. त्यात वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच मानला आहे. खिडकीकडे पाठ आणि एका वेळी एक आवाज यापेक्षा वाजवी मागणी क्वचितच असेल. ‘तू तर किती स्पष्ट बोलतेस!’ हे कौतुक इथेच आडवं येतं. त्याचा अर्थ होतो की तू आमच्यासारखी दिसतेस तोवर छान आहेस, सोय मागितलीस तर तक्रारखोर. ऐकणं-बोलणं हेच श्रेष्ठ आणि बाकी सगळं कमअस्सल, या समजुतीला टॉम हम्फ्रीज या कर्णबधिर अभ्यासकाने १९७५ मध्ये ‘ऑडिझम’ असं नाव दिलं. ती दुष्टपणे वागवली जाते असं नाही. बहुतेक वेळा ती शाबासकीच्या रूपातच येते, म्हणून तिला उत्तर देणं अवघड जातं. पुढच्या वेळी कुणी असं म्हटलं तर एवढंच म्हणा: ‘बोलता येतं, ऐकू येत नाही. इकडे तोंड करून बोलाल का?’

आता तुमच्या आईंविषयी. त्या जे म्हणतात त्याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणावर परिषद झाली. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. शाळांत खुणांपेक्षा तोंडी बोलण्याची पद्धतच चांगली, असा ठराव तिथे झाला. त्यानंतर देशोदेशी वर्गातून खुणा हद्दपार झाल्या, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, खुणा करणाऱ्या मुलांच्या हातांना शिक्षा होऊ लागल्या. १९६० मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकन भाषा-अभ्यासकाने अमेरिकन साइन लँग्वेजला स्वतःची रचना आहे हे दाखवून दिलं, तेव्हा कुठे भाषाशास्त्राने तिच्याकडे भाषा म्हणून पाहायला सुरुवात केली. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, व्हँकूव्हरला. तुमच्या लहानपणी आईंना कुणा थेरपिस्टने ‘खुणा करू नका, मूल आळशी होईल, बोलणार नाही’ असं सांगितलं असेल, तर तो सल्ला या परंपरेतला आहे. त्यांनी तो निष्ठेने पाळला, त्यासाठी खस्ता खाल्ल्या. खुणांमुळे बोलणं खुंटतं, या भीतीला आधार नाही. लहान वयात कोणतीच भाषा पुरती न मिळणं हे खरं नुकसान आहे. आणि २९ व्या वर्षी शिकलेली भाषा तुमची मराठी काढून घेईल हे तर शक्यच नाही.

हे त्यांना सगळ्यांसमोर ऐकवू नका. दोघीच असताना, पहिलं वाक्य त्यांच्या कष्टांबद्दलचं असू द्या, आणि नंतर इतिहासाऐवजी व्यवहार सांगा. आंघोळीच्या वेळी यंत्र नसतं. रात्री नसतं. बॅटरी संपली, कान दुखला, घामाने यंत्र बंद पडलं की नसतं. त्या वेळी घरात कुणाशीच बोलता येत नाही. आईंनी वीसेक खुणा शिकल्या तरी हे तास भरून निघतात: घरातल्यांची नावं, ये, थांब, दार, फोन, डॉक्टर, दुखतंय, कुठे, कधी, झालं, नको, लगेच. रोज दोन खुणा, त्याही वापरायच्या प्रसंगी. नुसती पाठ केलेली खूण टिकत नाही. एक अट मात्र आधीच घाला. पाहुण्यांसमोर ‘जरा ते हातांचं करून दाखव ना’ चालणार नाही.

घरातली बाकीची शिस्त छोटी आहे. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही. जवळ यायचं, खांद्याला हात लावायचा किंवा दिवा एकदा बंद-चालू करायचा. गप्पा सुरू असताना टीव्ही बंद. आणि ‘नंतर सांगते’ हे वाक्य घरातून कायमचं जावं. नंतर सांगितलेला विनोद हा विनोद राहत नाही, आणि बहुतेक वेळा तो सांगितलाच जात नाही. त्याच क्षणी एका वाक्यात सांगा: ‘मामा म्हणतोय, लग्नाची तारीख पुढे गेली.’ तेवढं पुरतं. सगळे हसत असताना अंदाजाने हसण्याची तुमची सवय असेल तर तीही सोडा. तुम्ही हसलात की घरच्यांना वाटतं, हिला कळलं.

ही सवय भाषा शिकतानाही तुमच्याबरोबर येणार आहे, म्हणून जास्त सांगतो. गोंगाटात कळलं नाही की मान डोलवायची, हे कमी ऐकू येणारा माणूस लहानपणीच शिकतो. साइन लँग्वेजमध्ये मान डोलवणं म्हणजे ‘कळतंय, पुढे सांग’. समोरचा वेग वाढवतो आणि दोन मिनिटांत तुम्ही पार बाहेर. गटात दोनदा गेल्यावर तुमचं हेच झालं असण्याची दाट शक्यता आहे. म्हणून नमस्कार आणि रंगांची नावं यांच्याही आधी चार खुणा शिका: ‘पुन्हा’, ‘हळू’, ‘कळलं नाही’, ‘या खुणेचा अर्थ काय?’ त्या वापरायला लाजू नका. ऐकणारे लोक पुन्हा सांगताना कुरकुरतात हा तुमचा आयुष्यभराचा अनुभव आहे. इथे तसं कमी आढळेल, कारण नीट कळेपर्यंत पुन्हा सांगणं ही या लोकांची रोजची रीत आहे.

वयाचं म्हणाल तर २९ काहीच नाही. तुमच्याकडे एक गोष्ट ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा आधीच जास्त आहे. चेहरा वाचायची सवय. ती कामाला लावा. नवशिके हातांकडे बघतात आणि अडकतात. नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर हवी, हात कडेने दिसतात. खुणेचे घटक असे: हाताचा आकार, तो शरीराजवळ कुठे आहे, कसा हलतो, तळवा कुठल्या दिशेला आहे, आणि चेहरा. यातला एक बदलला तरी खूण बदलू शकते. चेहरा हे सजावटीचं अंग नाही, त्यात व्याकरण आहे. भुवया उंचावल्या की साधं विधान ‘हो की नाही’ असा प्रश्न होतो. चेहरा कोरा ठेवून केलेल्या खुणा समोरच्याला अर्धवट लागतात.

कुठली साइन लँग्वेज शिकायची? तुमच्या गटातले लोक वापरतात ती. जगभर एकच साइन लँग्वेज आहे ही समजूत चुकीची आहे. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण त्यांच्या साइन लँग्वेज एकमेकींना कळत नाहीत. इंटरनेटवर सर्वांत जास्त सापडतात ते अमेरिकन व्हिडिओ, आणि त्यातली मुळाक्षरं एका हाताची असतात. भारतीय साइन लँग्वेजमध्ये इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी करतात. पहिल्याच आठवड्यात चुकीची मुळाक्षरं बोटांत बसली की मोडायला त्रास होतो. भारतीय साइन लँग्वेजसाठी २०१५ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश आहे, त्यात २०२१ च्या आवृत्तीपर्यंत १०,००० शब्द झाले. एखादी खूण पडताळायला तो उत्तम, पण शब्दकोशावरून भाषा येत नाही. व्याकरण वेगळं आहे. प्रश्नाचा शब्द सहसा शेवटी जातो: ‘तू कुठे राहतेस?’चा क्रम ‘तू राहणं कुठे’ असा. मराठी वाक्याच्या प्रत्येक शब्दाला एकेक खूण लावत गेलात तर ती भाषा होत नाही.

शिक्षक कर्णबधिरच निवडा. आणि वर्गात आवाज बंद. तुमच्यासाठी हा नियम सर्वांत कठीण जाणार, कारण बोलणं ही तुमची सुरक्षित जागा आहे. पण तोंडाने मराठी आणि हातांनी खुणा एकदम करायला गेलं की दोन्ही भाषा बिघडतात, आणि जास्त बिघडतात त्या खुणा: शब्द गळतात, चेहऱ्याचं व्याकरण नाहीसं होतं. आठवड्यातून दोन वर्ग आणि रोज १०-१५ मिनिटं सराव असला तर काही महिन्यांत दोघांतलं साधं बोलणं जमू लागतं. पाच-सहा जणांच्या गप्पा सहज कळायला वर्ष-दोन वर्षं लागतात, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात गट कळला नाही म्हणून निराश होऊ नका. स्वतःचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून शिक्षकांना दाखवा. करताना बरोबर वाटलेला तळवा व्हिडिओत उलटा दिसतो. डावखुऱ्या असाल तर डावा हात मुख्य ठेवा, फक्त मधूनच बदलू नका.

आता तो प्रश्न: ‘तू ऐकणारी आहेस का?’ तुम्हाला तो दाराबाहेर काढल्यासारखा लागला. बहुतेक वेळा ती नुसती ओळख असते. कर्णबधिरांच्या गटात नवा माणूस आला की ऐकणारा की कर्णबधिर, कुठल्या शाळेतला, खुणा कुणाकडून शिकलास, हे विचारलं जातंच. तुम्ही खुणा करताना तोंडाने बोलत असाल, त्यावरून त्याने अंदाज केला असेल. उत्तर सरळ द्या: ‘मला कमी ऐकू येतं. शाळा ऐकणाऱ्यांची. खुणा आता शिकते आहे.’

तरीही कधीतरी खरी अढी भेटेल, ते लपवण्यात अर्थ नाही. ‘बोलणारी’ म्हणून कुणी दूर ठेवेल. ती अढी कुठून येते हे माहीत असू द्या. ज्या शाळांत बोलण्यावरच भर होता तिथे स्पष्ट बोलणारं मूल पुढे बसवलं गेलं, इतरांना ‘तिच्यासारखं बोल’ असं सुनावलं गेलं. नोकरीतही बोलणाऱ्याला आधी घेतलं गेलं. त्यामुळे तुमच्याबरोबर कुणी ऐकणारा आला आणि सगळ्यांचे प्रश्न तुम्हालाच विचारू लागला, तर प्रश्न त्यांच्याकडे परत करा: ‘त्यांनाच विचारा, हवं तर लिहून.’ न मागता कुणाच्या वतीने बोलू नका, फोन करून देण्याचं कामही मागितल्याशिवाय अंगावर घेऊ नका. हे पाळलंत तर अढी लवकर सुटते.

पुन्हा जाताना गोलात बसण्याआधी एका माणसाशी ओळख करा. दोघांतलं संभाषण धरता येतं, गोलातलं नंतर. उजेड समोरच्यांवर पडेल अशी जागा घ्या. लक्ष वेधायला खांद्यावर हलकी थाप, लांबच्याला हात हलवून, किंवा टेबलावर थाप. दोघं खुणांनी बोलत असताना मधून जायचं असेल तर थांबून परवानगी मागत बसू नका, सरळ पटकन जा. मध्ये उभं राहून दिलगिरी दाखवलीत तर त्यांचं बोलणं जास्त अडतं. स्वतःची नावाची खूण स्वतः ठरवू नका. ती गटातले लोक तुमच्या वागण्या-दिसण्यावरून देतात आणि त्याला वेळ लागतो. तोवर बोटांनी नाव स्पेल करा. दोनदा जाऊन कुठलाच गट आपला होत नाही. सहा महिने तोच गट धरा, खुर्च्या लावणं, निरोप पोचवणं असं काहीतरी काम अंगावर घ्या. कामात खुणा लवकर येतात.

‘मी कुणातली?’ याचं एक उत्तर कायद्यात आहे. भारतातल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, ६० ते ७० डेसिबल असेल तर ‘ऐकू कमी येणारी’ आणि ७० डेसिबल असेल तर ‘कर्णबधिर’ अशी विभागणी आहे. तुमचा आकडा अगदी त्या रेषेवर आहे. प्रमाणपत्र काढून ठेवा, सोयी मागताना ते उपयोगी पडतं. पण गटात तुमचा ऑडिओग्राम कुणी मागणार नाही. तिथे पाहिलं जातं ते येता का, खुणांनी बोलायचा प्रयत्न करता का, आणि कळलं नाही तर तसं सांगता का. त्यासाठी यंत्रं काढायची गरज नाही, मराठी बोलणं सोडायची गरज नाही, आणि आईंचे कष्ट वाया गेले असंही होत नाही. स्वतःला कर्णबधिर म्हणायचं की कमी ऐकू येणारी, ते आज ठरवू नका. आधी त्या गटाच्या पुढच्या भेटीची तारीख विचारून घ्या, आणि ज्याने ‘तू ऐकणारी आहेस का?’ विचारलं होतं त्यालाच सांगा की ‘हळू’ची खूण पुन्हा दाखव.